वाचकांचे प्रश्न : तापलेला सेन्सर आणि हरवलेला पिकअप

मार्च संपत आला आणि पारा चाळिशीच्या पुढे गेला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळ्यात ब्रेक आणि वायपर, हिवाळ्यात बॅटरी, आणि उन्हाळ्यात ‘गाडी ओढत नाही’. या वेळी मात्र बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत आहेत, म्हणून हा अंक तिलाच देत आहे. इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा एक लहानसा सेन्सर असतो. स्कॅनरच्या पडद्यावर त्याचा आकडा ‘आयएटी’ या नावाने दिसतो. तो मूळ जागेवरून, म्हणजे बहुधा सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डवरून, काढून थंड जागी बसवला की उन्हाळ्यात गेलेली ताकद परत मिळते, असे अनेकांच्या ऐकण्यात आले आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते एका विशिष्ट परिस्थितीपुरते आहे आणि ती परिस्थिती आपल्या गाडीत आहे की नाही हे न तपासताच लोक पक्कड हातात घेतात.

प्रश्न : माझ्याकडे २००९ सालची १.२ लिटरची पेट्रोल गाडी आहे. मे महिन्यात नागपुरात एखाद्या मोठ्या सिग्नलवर किंवा रेल्वे फाटकाशी थांबून निघालो, की गाडी अक्षरशः अंग टाकते. पाच-सात मिनिटे मोकळ्या रस्त्याने चालली की पुन्हा पूर्ववत होते. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की मॅनिफोल्डवरचा तापमानाचा सेन्सर तापतो आणि इंजिन ‘मागे’ जाते. तो काढून एअर फिल्टरच्या डब्यात बसवून देतो. बसवून घ्यावा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मिस्त्रींचे निदान शक्यतेच्या कोटीतले आहे, उपाय मात्र घाईचा आहे. दोन्हींमधला फरक समजण्यासाठी हा सेन्सर नेमके काय करतो ते आधी पाहू.

सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात २० अंश सेल्सिअसला हा रोध सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तो सव्वातीनशेच्या आसपास उतरतो. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्याला आपल्या आतल्या एका रोधामार्फत ५ व्होल्ट पुरवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडले त्यावरून तापमान ठरवतो. त्या आकड्याचा उपयोग दोन कामांसाठी होतो. पहिले काम हिशेबाचे. ज्या गाड्यांत हवेचे वजन थेट मोजणारा सेन्सर नसतो, तिथे ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनचे फेरे आणि हवेचे तापमान यांवरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचे गणित मांडतो आणि तेवढ्या हवेला पुरेल इतके पेट्रोल सोडतो. दुसरे काम सावधगिरीचे. हवा फार गरम असेल तर ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरच्या कडेपर्यंत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते, आणि आपल्याला तो खडखडाट ‘नॉकिंग’ म्हणून ऐकू येतो. ते टाळण्यासाठी ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो. ही माघार कोणत्या तापमानापासून आणि किती अंशांची (हे अंश तापमानाचे नव्हेत, क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे), हे प्रत्येक गाडीच्या जुळवणीनुसार बदलते. माघारीच्या पहिल्या एक-दोन अंशांनी फारसे बिघडत नाही, परंतु पुढच्या प्रत्येक अंशाला ताकदीची किंमत वाढत जाते आणि ती पायाखाली जाणवू लागते.

आता मुद्द्याचा प्रश्न असा, की सेन्सर ७० अंश दाखवतो तेव्हा हवा ७० अंशांची आहे, की फक्त सेन्सर? मॅनिफोल्ड धातूचा असेल आणि सेन्सर पितळी अंगाचा असेल, तर इंजिनची उष्णता आट्यांतून थेट सेन्सरच्या अंगात शिरते, मुरते आणि बराच वेळ रेंगाळते. बाहेरून जाणारी हवा त्या मानाने थंड असते. आपल्या १.२ लिटरच्या इंजिनात मिनिटाला ६००० फेऱ्यांना आणि थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण उघडी असताना सेकंदाला साधारण ६० लिटर हवा आत जाते. मॅनिफोल्डची पोकळी दोन-तीन लिटरची धरली, तर आतली हवा सेकंदाच्या विसाव्या हिश्शात बदलते आणि तेवढ्या वेळात ती भिंतीकडून फार उष्णता घेऊ शकत नाही. गाडी उभी राहून इंजिन नुसते घरघरत असते तेव्हा हाच प्रवाह सेकंदाला दोन-तीन लिटरवर येतो, हवा तापलेल्या पोकळीत रेंगाळते आणि खरोखरच गरम होते. म्हणजे सिग्नलला उभे असताना सेन्सर बहुतांशी खरे बोलतो. तोच सेन्सर गाडी निघाल्यानंतरची पहिली काही मिनिटे जुनाच आकडा धरून बसतो. आपली तक्रार नेमकी या काही मिनिटांची आहे.

हे मी माझ्या जुन्या पेट्रोल गाडीवर एका मे महिन्यात करून पाहिले होते. बाहेर ३९ अंश. गाडी गरम करून वीस मिनिटे उन्हात उभी केली आणि पुन्हा सुरू केली, तेव्हा स्कॅनरवर ७१ अंश होते. मॅनिफोल्डवरच्या एका रिकाम्या नळीतून मल्टिमीटरची तापमान मोजणारी बारीक तार आत सोडून, तोंड हवाबंद करून, हवेचे स्वतंत्र तापमानही पाहत होतो. ताशी ६० किलोमीटरने निघाल्यावर एका मिनिटात तारेचा आकडा ५० च्या खाली आला. सेन्सर तिथवर यायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. या मधल्या काळात सेन्सर वीसेक अंशांनी चुकत होता. ईसीयूच्या हिशेबात याचा अर्थ असा : निरपेक्ष मापाने ७० अंश म्हणजे ३४३ केल्विन आणि ५० अंश म्हणजे ३२३ केल्विन, तेव्हा ईसीयू हवेचे वजन सुमारे ६ टक्क्यांनी कमी धरतो, पेट्रोलही तेवढे कमी सोडतो, आणि वर ठिणगीही मागे घेतो. साध्या चालीत धुरातला ऑक्सिजन पाहणारा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलची ही चूक सुधारून घेतो. ठिणगीची माघार मात्र तशीच राहते.

म्हणून आपण आधी मोजमाप करावे. गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे स्कॅनर जोडायच्या जागी, लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचे एखादे साधे अ‍ॅप एवढे पुरते. पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची फक्त चावी फिरवून आयएटी आणि कूलंटचे तापमान पाहावे; दोन्ही आकडे एकमेकांच्या आणि बाहेरच्या तापमानाच्या अगदी जवळ असले पाहिजेत. तिथेच दहा-बारा अंशांचा फरक असेल, तर सेन्सर बिघडलेला आहे आणि तो हलवण्याची नव्हे, बदलण्याची गरज आहे. नंतर दुपारी आपल्या नेहमीच्या रस्त्यावर आयएटी आणि ठिणगीच्या वेळेचा आकडा, दोन्हींची नोंद करावी. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटांनंतर आयएटी बाहेरच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त राहत असेल तर ते स्वाभाविक आहे. सिग्नलनंतर तो चढतो आणि चार-पाच मिनिटे उतरत नाही, आणि त्याच वेळात ठिणगी मागे गेलेली दिसते, असे आढळले तर मिस्त्रींचे निदान खरे ठरेल.

असे ठरले तरी मी सेन्सर लगेच हलवणार नाही. एअर फिल्टरच्या डब्याला पुढच्या जाळीमागून किंवा चाकावरच्या पोकळीतून हवा आणणारी प्लास्टिकची नळी असते. ती गॅरेजमध्ये एकदा काढली की परत बसत नाही, आणि मग इंजिन रेडिएटरमागची भट्टीची हवा ओढत राहते. ती नळी आहे का ते पाहावे. रेडिएटरचा पंखा वेळेवर आणि पूर्ण वेगाने फिरतो का ते पाहावे. मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर लहान इंजिनची दोन-तीन किलोवॅट ताकद सहज खातो, तेव्हा एकदा एसी बंद ठेवून तीच चाचणी करावी. कित्येकदा ‘सेन्सर’ तिथेच सापडतो. त्यानंतर, आपल्या गाडीत पितळी अंगाचा बंद टोकाचा सेन्सर असेल आणि त्याच रोधाच्या मापाचा, प्लास्टिक अंगाचा व थर्मिस्टरचा मणी उघडा असलेला सेन्सर मिळत असेल, तर तो त्याच भोकात बसवावा. धातूतून येणारी उष्णता बरीच तुटते, मणी हवेला लवकर प्रतिसाद देतो आणि कारखान्याने ठरवलेली जागाही बदलत नाही. एवढे करून भागले नाही तरच फिल्टरच्या डब्याचा विचार करावा.

प्रश्न : मी गाडीला खुला शंकूसारखा एअर फिल्टर बसवला. त्यानंतर स्कॅनरवर आयएटी ६५ अंशांपर्यंत दिसू लागला, म्हणून एका मित्राच्या सल्ल्याने सेन्सर पुढच्या बंपरच्या आत नेला. आता आकडा छान ३८ ते ४० असतो, पिकअपही सुधारला, पण पाचव्या गिअरमध्ये चढावर रेस दिली की बारीक खडखड ऐकू येते. (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : वरच्या उत्तरातला प्रश्न इथे उलटा झाला आहे. आपला सेन्सर ६५ अंश दाखवत होता तेव्हा तो खरे सांगत होता. खुला फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ती हवाच ६५ अंशांची होती. आपण हवा थंड केली नाही, ती गरम आहे हे सांगणाऱ्याला तेवढे घराबाहेर काढले.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. ईसीयूला वाटते हवा ४० अंशांची, सिलिंडरमध्ये जाते ६५ अंशांची, म्हणून तो हवेचे वजन जवळजवळ ८ टक्क्यांनी जास्त धरतो. पूर्ण थ्रॉटलला, जिथे ऑक्सिजन सेन्सरचा सल्ला घेतला जात नाही, तिथे मिश्रण तेवढे गडद होते. पेट्रोल वाया जाते आणि प्लग काळे पडतात. त्याच वेळी ठिणगी थंड हवेच्या हिशेबाने पुढे असते. सुधारलेला पिकअप या पुढे गेलेल्या ठिणगीचा आहे, आणि खडखडही तिचीच आहे. जास्त गिअर, कमी फेरे, चढ आणि दाबलेला थ्रॉटल, नॉकिंगसाठी लागणारी सगळी सामग्री तिथे एकत्र येते. इंजिनवर नॉक सेन्सर असेल तर तो ठिणगी मागे ओढतो, पण एकदा नॉक झाल्यावर. दर चढाला आधी मार खायचा आणि मग सावध व्हायचे, अशी ही व्यवस्था होते. पिस्टनच्या कडा आणि रिंगांमधल्या पट्ट्या अशाच रोजच्या बारीक माराने तडकतात.

आपण सेन्सर मूळ जागी परत न्यावा आणि कंपनीचा फिल्टरचा डबा त्याच्या पुढच्या नळीसह परत बसवावा. कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर लहान गाडीच्या इंजिनला तो मुळीच कमी पडत नाही. खुल्या फिल्टरचा आवाज आवडतो म्हणून तो ठेवायचा असेल, तर निदान त्याच्याभोवती इंजिनच्या बाजूने पत्र्याची बंद भिंत उभारून त्याला बाहेरच्या हवेची वाट करून द्यावी. सेन्सर फिल्टरच्या आधी, बंपरमध्ये, धूळ आणि पावसाच्या तोंडी ठेवणे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. पहिल्याच पावसात त्याच्या कपलरमध्ये पाणी जाईल.

प्रश्न : मी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सजवळ राहतो. माझ्याकडे २००२ सालची जीप रँग्लर आहे, ४.० लिटरच्या सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनची. या गाड्यांत हा सेन्सर मॅनिफोल्डमधून काढून हवेच्या नळीत बसवण्याची पद्धत फार जुनी आहे, असे इथले जीपवाले सांगतात. याच गाडीबद्दल हे इतके का बोलले जाते, आणि करायचेच असेल तर काय जपावे? (एक वाचक, अ‍ॅरिझोना)

उत्तर : आपल्या इंजिनची रचनाच याला कारणीभूत आहे. हल्लीच्या बहुतेक इंजिनांत हवा एका बाजूने आत येते आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. अमेरिकन मोटर्सच्या काळातल्या या ४.० लिटरच्या इंजिनात मात्र दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, हवेचा वर आणि धुराचा बरोबर त्याच्या खाली. चुलीवर ठेवलेले पातेलेच म्हणा. गाडी बंद केल्यावर खालच्या लोखंडाची सगळी धग वर चढते. गरम गाडी थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू केली की इंजिन अडखळते, ही याच कुळातल्या इंजिनांची ओळखीची तक्रार तिसऱ्या सिलिंडरच्या तापलेल्या इंजेक्टरमुळे असते, आणि त्यावर कंपनीने इंजेक्टरभोवती उष्णतारोधक वेष्टन घालण्याचा उपाय सांगितला होता. आपला सेन्सर त्याच तापलेल्या मॅनिफोल्डमध्ये रुतलेला आहे. त्यामुळे फिनिक्सच्या उन्हात, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत, तो हवेपेक्षा धातूचेच तापमान जास्त सांगतो यात नवल नाही. ज्या गाड्यांत हा सेन्सर हलवण्याला खरा अर्थ आहे, त्यांत आपली गाडी मी वरच्या क्रमांकावर ठेवीन.

तरीही दोन गोष्टी आधी सांगतो. हा ईसीयू दाब, फेरे आणि तापमान यांवरूनच हवेचे वजन काढतो आणि त्याची सगळी जुळवणी मॅनिफोल्डमधल्या तापमानावर बेतलेली आहे. सेन्सर नळीत गेला की त्याला नेहमीच थोडी थंड बातमी मिळणार, म्हणजे मिश्रण थोडे गडद आणि ठिणगी थोडी पुढे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. क्रायस्लरने १९९१ पासून आणलेल्या या इंजिनच्या आवृत्तीत नॉक सेन्सर नाही. खडखड सुरू झाली तर ती ओळखून ठिणगी मागे घेणारे कोणी नाही. ते काम आपल्या कानांचे आहे. तिथल्या पंपावर लिहिलेले ८७ ऑक्टेन हे वेगळ्या मोजणीचे असून ते आपल्याकडच्या जुन्या ९१ च्या जवळपास जाते, तेव्हा अमेरिकेतले पेट्रोल फार हलके आहे असा गैरसमज नसावा. पण ११० अंश फॅरेनहाइटच्या दुपारी टपावर सामान लादून डोंगर चढताना ते अपुरे पडू शकते.

करायचेच असेल तर जागा फिल्टरनंतर आणि थ्रॉटलआधी निवडावी, आणि ती शक्यतो डब्याजवळची असावी, कारण तिथून पुढे नळी तापलेल्या इंजिनच्या वरून जाते. सेन्सरचा मणी प्रवाहाच्या मध्याकडे यावा, नळीच्या भिंतीला चिकटून नको. प्लास्टिकमध्ये सेन्सरच्या अंगापेक्षा किंचित लहान भोक पाडून रबरी ग्रोमेटमध्ये तो घट्ट बसवावा. भोक पाडताना नळी गाडीवरून काढलेली असावी आणि प्लास्टिकचा शेवटचा कणही धुऊन टाकलेला असावा, कारण तिथे पडलेली प्रत्येक गोष्ट सिलिंडरमध्ये जाते. मॅनिफोल्डमधले जुने भोक त्याच आट्यांच्या बुचाने हवाबंद करावे. तिथून हवा गळू लागली तर इंजिनची चाल अस्थिर होईल आणि दोष सेन्सरवर जाईल. तार लांबवल्याने आकडा चुकेल अशी भीती नको. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध ओहमच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो आणि सेन्सरचा रोध शेकड्यांत असतो. चूक होते ती सांध्यात. तारा पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. सगळ्यात उत्तम म्हणजे मूळ वायरिंगला हात न लावता दोन्ही टोकांना कपलर असलेली जोडतार बनवावी, म्हणजे नको वाटले तर दहा मिनिटांत सगळे पूर्ववत होते. सांधा तुटला की स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात, ‘पी ०११३’ हा संकेत नोंदवला जातो आणि दिवा लागतो. तो दिवा लागलेला असताना फिनिक्स परिसरातली धुराची तपासणी गाडी पार करणार नाही.

काम झाल्यावर पेट्रोलच्या दीर्घ दुरुस्तीचा (स्कॅनरवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’) आकडा आठवडाभर पाहावा. तो आधीपेक्षा चार-पाच टक्क्यांनी खाली सरकून स्थिरावला तर चालेल. त्याहून फार खाली जात असेल, किंवा चढावर एकदाही खडखड ऐकू आली, तर सेन्सर परत मॅनिफोल्डमध्ये.

प्रश्न : माझ्या गाडीत सेन्सर शोधला तर मॅनिफोल्डवर चार पिनांचा एकच काळा सेन्सर सापडला. मिस्त्री म्हणतात हाच तो. हाही नळीत बसवता येईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही, आणि कृपया कोणी तसे करून देतो म्हणाला तरी करू देऊ नका. आपल्या हाती लागलेला सेन्सर जोड स्वरूपाचा आहे. एकाच अंगात दाब आणि तापमान दोन्ही मोजणारा. आपल्याकडच्या पुष्कळ लहान पेट्रोल गाड्यांत असाच असतो आणि चार पिना ही त्याची खूण. थ्रॉटलच्या आधी नळीत नेला तर त्याला कायम बाहेरचा दाब दिसेल, ईसीयूला थ्रॉटल सदैव पूर्ण उघडा आहे असे वाटेल आणि गाडी धूर ओकत बंद पडेल. चार पिनांपैकी तापमानाची एक तार वेगळी काढून दुसरा सेन्सर जोडणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण नव्या सेन्सरचा रोध सगळ्या तापमानांना जुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, आणि बाजारात ‘सगळे सारखेच असतात’ म्हणून जे विकतात ते जुळत नाहीत. अशा मॅनिफोल्डचे शरीर बहुधा प्लास्टिकचे असते, त्यामुळे उष्णता मुरण्याचा त्रासही मुळातच कमी. पिकअप खरोखर कमी झाला असेल तर या सेन्सरचे टोक काढून पाहा. तिथे तेलकट काजळीचा थर बसलेला असतो आणि तो सेन्सर दाब आणि तापमान दोन्ही उशिरा सांगू लागतो. सेन्सरसाठी मिळणाऱ्या फवाऱ्याने धुवावा, ब्रशने घासू नये.

प्रश्न : वाईहून पाचगणीला पसरणीचा घाट चढताना माझी तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी पहिल्या वळणांना झकास ओढते आणि अर्ध्या घाटानंतर मलूल होते. इंटरकूलरनंतरचा सेन्सर टर्बोच्या आधी नेला तर फरक पडेल का? (एक वाचक, वाई)

उत्तर : फरक पडेल, पण इंजिनच्या आयुष्यात. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते, सायकलच्या पंपाचे टोक तापते तशीच. बाहेरची ४० अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली, तर टर्बोतून निघताना ती सव्वाशे अंशांच्या पुढे गेलेली असते. इंटरकूलर ती खाली आणतो आणि ती किती खाली आली हे पाहण्यासाठीच सेन्सर त्याच्यानंतर असतो. तो टर्बोआधी नेणे म्हणजे ताप आलेल्याला सोडून शेजाऱ्याच्या काखेत थर्मामीटर लावणे. ईसीयूला ४० अंश दिसत राहतील, तो दाबही कमी करणार नाही आणि ठिणगीही मागे घेणार नाही.

आपल्या घाटाचे उत्तर वेगळे आहे. उंचीवर हवा विरळ होते. पाचगणीच्या सुमारे १३०० मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १४-१५ टक्क्यांनी कमी असतो. साध्या इंजिनची ताकद त्याच प्रमाणात घटते. टर्बो ती तूट अधिक वेगाने फिरून भरून काढतो, म्हणजे हवा आणखी तापवतो, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मंद चालीत, जेव्हा इंटरकूलरवर समोरून येणारा वारा सगळ्यात कमी असतो. अर्ध्या घाटात इंटरकूलर पुरता तापतो आणि ईसीयू हात आखडता घेतो. तेव्हा इंटरकूलरच्या बारीक पट्ट्यांत अडकलेले किडे आणि चिखल कमी दाबाच्या पाण्याने धुवा, त्याच्यासमोर बसवलेले जादा दिवे आणि रुंद गार्ड काढा, आणि रबरी नळ्यांचे क्लिप तपासा. गळक्या नळीमुळे टर्बोला तोच दाब गाठायला जास्त फिरावे लागते. डिझेलवाल्यांनीही हेच करावे. त्यांच्याकडे ठिणगी नसली तरी हवा तापली की ईसीयू डिझेल कमी करतोच.

प्रश्न : सीएनजीवर गाडी कमी ओढते. सेन्सर हलवल्याने काही उपयोग? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. सीएनजी वायुरूपातच आत येतो आणि सिलिंडरमधली सुमारे साडेनऊ टक्के जागा स्वतः अडवतो. तेवढी हवा कमी जाते. ती जागा सेन्सर कुठेही नेला तरी परत मिळत नाही.

प्रश्न : आयएटीच्या कपलरमध्ये अडकवायची ‘परफॉर्मन्स चिप’ ऑनलाइन मिळते. सेन्सर हलवण्यापेक्षा ती सोपी नाही का? सोबत माझ्याकडची एक पाठवत आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डबी मिळाली. स्क्रू नव्हते, म्हणून ब्लेडने उघडली. आत काळा डिंक ओतलेला आणि त्याखाली एकच रोधक होता : पिवळा, जांभळा, लाल पट्टे, म्हणजे ४७०० ओहम. दुसरे काहीही नाही. ना चिप, ना मंडल. गाडीच्या सेन्सरच्या जागी हा रोधक लावला, की सुरुवातीला सांगितलेल्या मापाच्या सेन्सरवर बेतलेला ईसीयू हवेचे तापमान पाच अंशांच्या आसपास समजतो, आणि तेच कायम समजत राहतो, पहाटे असो वा भर दुपार. खरी हवा ५० अंशांची असेल तर तो तिचे वजन १६ टक्क्यांनी जास्त धरेल. चालू गाडीत ऑक्सिजन सेन्सर एवढी मोठी चूक सुधारण्यात आपली बरीचशी मर्यादा खर्च करून टाकेल आणि पूर्ण थ्रॉटलला ती सुधारलीच जाणार नाही. ठिणगी थंडीतल्यासारखी पुढे राहील, म्हणून पहिल्या दिवशी पिकअप वाढल्यासारखा वाटेल; दुसऱ्या टाकीला अ‍ॅव्हरेज घसरलेले दिसेल. काही गाड्यांत ईसीयू पहाटेच्या थंड इंजिनचे तापमान आणि हा आकडा ताडून पाहतो आणि ‘पी ०१११’ नोंदवून दिवा लावतो. आपण गाडीला डबी लावण्याआधी ती माझ्याकडे पाठवली हे बरे केले. उघडताना तिचे कवच तुटले आहे, त्यामुळे परत पाठवत नाही.